नवा रिलीज बसवताना

दर तीन महिन्यांनी माझ्या फोनवर दहा नवी गाणी येतात आणि पुढचा महिनाभर आमच्या घरात दुसरं काही वाजत नाही. मुलगी पूर्वी कुरकुर करायची. आता ती मुकाट्याने हेडफोन लावते आणि अभ्यासाला बसते, तेव्हा माझ्या कामाचा घराला झालेला हा एक शैक्षणिक फायदाच म्हणायचा.

मी ऑकलंडमध्ये बॉडीपंप शिकवते. बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा लावलेला दांडा, घेऊन गटाने करायचा व्यायाम. वजन बेताचं, उचलायचं मात्र पुष्कळ वेळा, आणि सगळं गाण्याच्या ठेक्यावर. दहा गाणी म्हणजे दहा ट्रॅक: वॉर्म-अप, स्क्वॉट, छाती, पाठ, ट्रायसेप्स, बायसेप्स, लंजेस, खांदे, पोट आणि शेवटी स्ट्रेचिंग. पूर्ण तासाच्या क्लासात एकेकाच्या ८०० च्या आसपास रेप्स, म्हणजे उचलण्याच्या आवृत्त्या, होतात. कोणत्या ओळीला खाली जायचं, कोणत्या ठोक्याला वर यायचं, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे सकाळी जे चालतं तेच लंडनमधल्या एखाद्या जिममध्ये त्यांच्या सकाळी चालतं. तीन महिन्यांनी सगळं बदलतं, त्याला आम्ही रिलीज म्हणतो.

पुण्याच्या मावशीने एकदा फोनवर विचारलं होतं, "अगं, गाणी त्यांची, स्टेप्स त्यांच्या, मग तू नेमकं काय करतेस?" मावशी शाळेत गणित शिकवायची. मी म्हटलं, "पायथागोरसचा सिद्धांत तरी तुझा होता का?" तेवढ्यावर विषय मिटला. प्रश्न मात्र रास्त आहे, आणि नवा रिलीज आला की मलाही तो दर वेळी नव्याने पडतो.

हा प्रकार इथलाच, ऑकलंडचा. ज्यांच्या नावाने तो जगभर जातो ते लेस मिल्स खरेखुरे गृहस्थ, गोळाफेक आणि थाळीफेक करणारे. १९६० ते १९७२ या काळातल्या चारही ऑलिंपिकमध्ये ते न्यूझीलंडकडून उतरले, १९६६ च्या किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत थाळीफेकीचं सुवर्णपदक मिळवलं, १९६८ मध्ये कुटुंबाच्या साथीने जिम काढली आणि पुढे १९९० ते १९९८ ऑकलंडचे महापौर होते. त्यांचा मुलगा फिलिप याने संगीतावरच्या क्लासांचं हे सगळं प्रकरण वाढवलं. एरोबिक्स बायकांचं आणि वजनं पुरुषांची, अशी त्या काळी सरळ वाटणी होती. नव्वदीच्या सुरुवातीला बारबेलच स्टुडिओत आणली, तेव्हा कुठे पुरुष आत येऊ लागले. आजही माझ्या क्लासात असे दोघंतिघं आहेत, जे "मी नाचबिच करत नाही हां" असं बजावून आले आणि आता वॉर्म-अपला सगळ्यांत आधी ठेका धरतात.

पुष्कळ रिलीजचं चित्रीकरण ऑकलंडमध्येच होतं, त्यामुळे इथल्या इन्स्ट्रक्टरची एक वेगळीच पंचाईत. जिला मी गेल्याच आठवड्यात "कोपरं बरगड्यांना चिकटव" म्हणून सांगितलं, ती जगभरच्या इन्स्ट्रक्टरांना पाठवलेल्या व्हिडिओत तिसऱ्या रांगेत दिसते. कोपरं बाहेरच.

रिलीज येतो म्हणजे तीन गोष्टी हातात पडतात: गाणी, चित्रित केलेला पूर्ण क्लास, आणि कोरिओग्राफीच्या नोट्स. बहुतेक जण व्हिडिओपासून सुरुवात करतात. मी तो शेवटी बघते. आधी बघितला की समोरच्याची लकब अंगात शिरते. तो कुठे हसतो, कुठे "कम ऑन" म्हणतो, कुठे एक पाऊल पुढे येतो, हे सगळं गाण्याला चिकटून बसतं आणि मग निघता निघत नाही. ग्लेन ओस्टरगार्ड यांचं नाव कितीतरी वर्षं बॉडीपंपच्या कोरिओग्राफीशी जोडलेलं. त्यांचा शांत, खालच्या पट्टीतला आवाज त्यांना शोभतो. माझ्या तोंडून तो आला तर लोकांना वाटेल, हिला बरं नाही.

म्हणून पहिले काही दिवस नुसतं ऐकणं. आमच्या घराजवळ माउंट रॉस्किलची टेकडी आहे, तिचं माओरी नाव पुकेतापापा. तिथे चालायला जाते आणि दहाही ट्रॅक ओळीने लावते. पहिल्या फेरीत काहीच मोजत नाही. दुसऱ्या फेरीत आपोआप हात सुरू होतात, आणि इथे माझं जुनं शिक्षण कामाला येतं. शाळेत असताना मी काही वर्षं सदाशिव पेठेत कथक शिकले. नर्तकी झाले नाही, पण हाताने टाळी-खाली (टाळी द्यायची मात्रा आणि हात उलटा करायची मोकळी मात्रा) दाखवत तोंडाने बोल म्हणायची सवय हाडात मुरली ती मुरलीच. टेकडीवर कुत्री फिरवायला येणाऱ्यांना सुरुवातीला ही बाई हवेत हात उलटे का करते ते कळायचं नाही. आता ते "न्यू रिलीज?" एवढंच विचारतात.

इथली बहुतेक नाचाची गाणी आठ-आठ ठोक्यांच्या चार ओळींत बांधलेली असतात. आठ चोक बत्तीस, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची दोन आवर्तनं. नोट्समध्ये हे "४×८" असं लिहिलेलं असतं. गाण्याची गती मिनिटाला १२८ ठोके असेल तर असे बत्तीस ठोके बरोबर १५ सेकंदांत संपतात. त्यात दोन ठोक्यांत खाली, दोन ठोक्यांत वर असे स्क्वॉट केले तर आठ बसतात. चार खाली, चार वर, असे संथ केले तर चारच. तीन खाली आणि एक वर केले तरी हिशेब आठाचाच येतो, पण मांड्यांना विचारा, हे आठ आणि ते आठ एक नाहीत. सगळी कोरिओग्राफी म्हणजे या दोन-दोन, तीन-एक, चार-चार आणि एक-एकच्या वेगवेगळ्या जोडण्या. कागदावर बघितलं तर चौथीच्या मुलाला जमेल इतकं सोपं.

अवघड आहे ती बोलण्याची वेळ. कथकमध्ये तुकडा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पडतो; सगळी मजा त्या येण्यात. क्लासात समेवर माझं बोलणं संपलेलं असावं लागतं. पुढच्या ओळीत चाल बदलणार असेल तर आधीच्या ओळीच्या शेवटच्या चार ठोक्यांत मला ते सांगून मोकळं व्हायचं असतं, म्हणजे पुढच्या "एक"ला तीस माणसं एकदम खाली जातात. "चार, तीन, थ्री-वन." संपलं. यात क्रियापदाला जागा नाही, विशेषणाला नाही, "चला तर मग"ला तर अजिबातच नाही. समेवर बोलायला सुरुवात केली तर तोपर्यंत अर्धे लोक जुन्याच चालीने खाली गेलेले असतात आणि आरशात लाट आल्यासारखं दिसतं.

त्यामुळे नोट्स हातात आल्या की मी बार उचलतच नाही. स्वयंपाकघरात उभी राहून पढंत, म्हणजे नुसतं तोंडाने म्हणणं, करते. गाणं लावायचं, हाताने ताल धरायचा आणि वर्गात म्हणायचे तेवढेच शब्द म्हणायचे. जिथे शब्द मावत नाहीत तिथे ते कापायचे. एखाद्या ट्रॅकचा पहिला कागद आणि शेवटचा कागद शेजारी ठेवले तर शेवटच्यावर निम्मेसुद्धा शब्द उरलेले नसतात. आमच्या प्रशिक्षणात बोलण्याचे थर शिकवतात: आधी काय करायचं ते, मग ते अधिक चांगलं कसं करायचं ते, आणि मग हुरूप. नवे इन्स्ट्रक्टर तिन्ही थर एकाच कोरसमध्ये ओततात. पहिलं प्रशिक्षण दोनच दिवसांचं असतं, त्यानंतर पूर्ण क्लास शिकवतानाचा व्हिडिओ पाठवून पास व्हावं लागतं, आणि कॅमेरा समोर असला की माणूस जास्तच बोलतो. गप्प कुठे बसायचं हे मात्र कुणी शिकवू शकत नाही. ते गाणंच सांगतं. कोरसच्या आधीच्या तुकड्याला, प्री-कोरसला, ड्रम काढून घेतात, नुसता आवाज आणि एखादा कीबोर्ड उरतो, ती माझी खाली. तिथे मी बोलत नाही. लोक आपापला श्वास ऐकतात.

आता गाण्यांबद्दल. ओळखीतले लोक हमखास विचारतात, दिवाळीच्या आठवड्यात तरी एखादं हिंदी नाहीतर मराठी गाणं का लावत नाहीस? एक कारण उघड आहे: स्क्वॉटची जी चाल आहे ती त्या गाण्याच्या अंगाने शिवलेली असते, दुसरं गाणं लावलं की चाल त्याच्या अंगावर ढगळ होते. दुसरं कारण हक्कांचं. एका गाण्यात दोन मालक्या असतात: शब्द-चालीची एक आणि ध्वनिमुद्रणाची दुसरी. त्याशिवाय ते चार लोकांत वाजवायचं तर त्याचा परवाना वेगळा. इथे तो वनम्युझिक या संस्थेकडून मिळतो. भारतात असे परवाने देणाऱ्या आयपीआरएस आणि पीपीएल यांची नावं लग्नाच्या हॉलवाल्यांना चांगली पाठ असतात. मूळ गायकाचं ध्वनिमुद्रण मिळालं नाही किंवा परवडलं नाही तर शब्द-चालीची परवानगी घेऊन गाणं नव्याने गाऊन घेतात. तेच कव्हर.

कव्हरवर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. माझं मत जरा वेगळं आहे. क्लाससाठीच केलेलं कव्हर असलं की गाणं व्यायामाच्या मापाने बेतता येतं. मधला वाद्यांचा तुकडा एका ओळीने वाढवता येतो, शेवटचा कोरस दोनदा घेता येतो. मूळ गाण्याला अशी कात्री लावायची सोय नेहमी नसते. स्ट्रेचिंगच्या ट्रॅकला मात्र कव्हर मला चालत नाही. तिथे हातात वजन नसतं, लोक खरंच गाणं ऐकत असतात, आणि ओळखीच्या गाण्यात अनोळखी गळा आला की सगळ्यांच्या कपाळावर एक बारीक आठी येते.

या वेळच्या रिलीजमध्ये मला सगळ्यांत आवडला तो स्क्वॉटचा ट्रॅक. साधं हाऊस संगीत, पावलात ओळखू येणारा ठोका. पहिल्या कोरसला पूर्ण स्क्वॉट, दुसऱ्याला खाली जाऊन अर्धंच वर यायचं, आणि शेवटच्या कोरसला पाय रुंद करून तेच. नवीन त्यात काहीही नाही. पण चाल आणि गाणं एकाच वेळी चढतात. आवाज वाढतो तेव्हाच काम वाढतं, त्यामुळे मला आरडाओरडा करावा लागत नाही. जिथे गाणं उसळतंय आणि कोरिओग्राफीत विश्रांती आहे, किंवा उलट, असे ट्रॅक शिकवताना इन्स्ट्रक्टरचा घसा जातो.

बायसेप्सला एक खोच होती. गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर चार ठोके जास्तीचे आहेत. बत्तिसाची ओळ संपते, आणि गायिका एक लांब सूर धरते, चार ठोके, मग कोरस. नोट्समध्ये ते लिहिलेलं आहे, नाही असं नाही. पण तालात वाढलेल्या माणसाच्या अंगाला सम ठरल्या जागी हवी असते आणि बार आपसूक वर निघतो. दोनतीन रात्री मी त्या चार ठोक्यांपाशी अडले. शेवटी त्यावर उपाय म्हणून तिथे एक वाक्य बसवलं: "खांदे मागे, मनगट सरळ." बरोबर चार ठोक्यांचं. लोकांना वाटतं, किती वेळेवर सांगितलं हिने.

लंजेसचा ट्रॅक मला पटला नाही. लॅटिन ठेका छान आहे, कमरेला खेळवतो, पण पाय बदलायला दिलेला वेळ फार थोडा. माझ्या क्लासातले निम्मे लोक पन्नाशीच्या पुढचे आहेत. बार खांद्यावर, एक पाय मागे, आणि चार ठोक्यांत दुसऱ्या पायावर या म्हटलं की गुडघा आधी जातो आणि माणूस नंतर. विशीतल्यांना हाच ट्रॅक बेहद्द आवडतो, हेही खरं.

आणि मग पाठीचा ट्रॅक. या वेळी तो ड्रम अँड बेस आहे. न्यूझीलंडमध्ये या संगीताचं वेड भारी; इथल्या पोरांच्या गाड्यांतून उन्हाळाभर तेच घुमत असतं. त्याची गती मिनिटाला १७४ च्या आसपास, पण व्यायामाला ते निम्म्याने मोजायचं, ८७ ने. म्हणजे बत्तीस ठोक्यांना सुमारे २२ सेकंद मिळतात, आणि डेडलिफ्टसाठी ते हवेच असतात, कारण बार मांडीला लागून गुडघ्यापर्यंत सावकाश न्यायचा, पाठ सपाट ठेवायची आणि मग रो करायचा, म्हणजे बार पोटाकडे ओढायचा, हे घाईचं काम नाही. गोची अशी की वरच्या अंगाला ड्रम अखंड तडतडत असतो. कानाला तो आधी ऐकू येतो. नवखा माणूस त्याच्या मागे धावतो, बार आपटत खाली नेतो आणि कमरेतून वाकतो. वॉर्म-अपच्या दुप्पट वजन हातात असताना हे बघवत नाही.

माझ्या सकाळी साडेनऊच्या क्लासला एक काकू येतात. पुण्याहून लेकीच्या बाळंतपणाला आल्या, व्हिसा आहे तोवर राहणार. लेकीनेच क्लबात नाव घातलं. बाळ झोपतं त्या वेळेत आईची तासभर सुटका. सलवार-कमीज आणि पांढरे बूट, मागची रांग, दाराजवळची जागा, बारला दोन्हीकडे सगळ्यांत लहान प्लेट. नव्या पाठीच्या ट्रॅकला त्या पार गोंधळल्या. बार वर-खाली, वर-खाली, शिवणयंत्र चालावं तसा. मी माईक बाजूला सारून त्यांच्यापाशी गेले.

"काकू, दांडा मांडीला घासत खाली. गुडघ्यापाशी थांबा."

"अगं, पण गाणं बघ ना कसं पळतंय!"

"ताशा सोडा. ढोल धरा."

"असं होय," म्हणाल्या, आणि पुढच्याच रेपला बार संथ उतरला. खांदे मागे, मान पाठीच्या रेषेत. वर्षानुवर्षं लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीत वाजवून आल्यासारख्या काकू बेसवर चालू लागल्या. बाकीच्या क्लासला मी काय सांगणार? "लिसन टू द बेस" म्हणते, ते कळतं, पण इतकं पटकन नाही. माझ्याकडे एक सामोअन बस ड्रायव्हर येतात, चर्चमध्ये गातात, त्यांना ते न सांगताच कळलं होतं. त्यांचा एक पाय बेसवर हलत होता आणि उरलेलं शरीर डोंगरासारखं स्थिर. पुढच्या वेळी मी काकूंना त्यांच्या मागे उभं केलं.

क्लास संपल्यावर काकू प्लेटा जागेवर लावता लावता म्हणाल्या, "तरी मागच्या वेळचं गाणं बरं होतं हो." हे मला अपेक्षितच होतं. पहिल्या आठवड्यात नवी गाणी कुणालाच आवडत नाहीत. यात गाण्याचा दोष फारसा नसतो. जुन्या ट्रॅकमध्ये शरीराला माहीत असतं, हा कोरस गेला की एकच उरतो. तेवढ्या माहितीच्या बळावर माणूस जळत्या मांड्यांनी आणखी अर्धा मिनिट काढतो. नव्या ट्रॅकमध्ये किती उरलंय ते ठाऊक नसतं, म्हणून तेच वजन जास्त जड लागतं आणि राग गाण्यावर निघतो. हे लक्षात आल्यापासून पहिल्या आठवड्यात मी हुरूप देणारी वाक्यं जवळजवळ बंद केली आहेत. त्याऐवजी नकाशा सांगते: "असे दोन कोरस. पहिला हळू, दुसरा अर्ध्यातून." एवढं कळलं की चेहरे सैल होतात. वजनही नेहमीपेक्षा एक पायरी कमी घ्या म्हणते. ऐकणारे ऐकतात. जे ऐकत नाहीत ते चौथ्या मिनिटाला गुपचूप एकेक प्लेट काढून बेंचखाली सरकवतात, आणि मी दुसरीकडे बघते.

लाँचचा, म्हणजे नवा रिलीज पहिल्यांदा सादर करायचा, क्लास आम्ही तिघं मिळून घेतो. दहा ट्रॅक वाटून घ्यायचे, त्यासाठी व्हॉट्सॲपवर जी बोलणी चालतात त्यापुढे पानशेतच्या पाण्याचं वाटप किरकोळ. स्क्वॉट सगळ्यांना हवा, कारण तेव्हा वर्ग ताजा असतो आणि गाणं सगळ्यांत मोठं. लंजेस कुणालाच नको. स्ट्रेचिंग मला मिळतं, "तुम्ही भारतीय ना" म्हणून. हे तर्कशास्त्र मी एकदा तपासायला गेले होते. मग सोडून दिलं, कारण तेवढ्यावर पाठीचा ट्रॅकही पदरात पाडून घेता येतो. या वेळी सहकाऱ्याने वॉर्म-अपला चमचमता जांभळा टी-शर्ट घातला होता, दुसरीने केसांत दिवे. मी साधाच घातला. लाँचला वेषभूषा करावी असा इथे रिवाज आहे, पण तीन-एकचा हिशेब डोक्यात चालू असताना मला दिवे सांभाळता येत नाहीत.

वाटून घेतल्याचा एक फायदा असा, की बाकीच्या सात-आठ ट्रॅकला मी वर्गात उभी राहून तोच व्यायाम करते. घरात पाठ करताना जे कळत नाही ते तिथे कळतं. खांद्यांच्या ट्रॅकमध्ये पुश-अप्सनंतर लगेच प्लेट बाजूला उचलायच्या आहेत. कागदावर चार ठोक्यांचा बदल दिसतो, प्रत्यक्षात जमिनीवरून उठून प्लेट शोधेपर्यंत ओळ निघून जाते. माझ्या शेजारच्या बाईच्या प्लेटा बेंचच्या पलीकडे होत्या. दुसऱ्या दिवसापासून माझ्या क्लासात ट्रॅक सुरू व्हायच्या आधीच सांगायला लागले: प्लेटा हाताशी, उजवीकडे-डावीकडे एकेक. हे नोट्समध्ये कुठे नसतं, आणि नसणारच.

तिसऱ्या आठवड्यात वर्ग बदलतो. ड्रॉप, म्हणजे गाणं क्षणभर थांबून उसळतं ती जागा, येणार हे आता लोकांना ठाऊक असतं आणि मी बोलायच्या आधी बार वर आलेला असतो. बायसेप्सच्या त्या चार जादा ठोक्यांत कुणीच हललं नाही, सगळे लांब सुरावर थांबले, तेव्हा मी तिथलं माझं वाक्यही काढून टाकलं. आता तिथे नुसती गायिका. रिलीज खरा कसा आहे हे मला या आठवड्यात कळतं, त्याआधी नाही. पहिल्या ऐकण्यात झकास वाटलेला छातीचा ट्रॅक तिसऱ्या आठवड्यात फिका पडला; त्यातलं सगळं पहिल्याच वेळी कळून चुकलं होतं. ड्रम अँड बेसवर मात्र लोक आता हसत हसत वजन वाढवतात.

नवा रिलीज काही आठवडे सलग शिकवून झाला की मिसळायला परवानगी असते: क्रम तोच ठेवायचा, ट्रॅक जुन्या-नव्यातून निवडायचे. सध्या माझ्या साडेनऊच्या क्लासात स्क्वॉट, पाठ आणि बायसेप्स नवे आहेत. छाती दोन वर्षांपूर्वीची, लंजेस त्याहून जुने, पाय बदलायला आठ ठोके देणारे. संध्याकाळच्या तरुण क्लासात लॅटिनवाले लंजेस ठेवलेत, ते लोक मागूनच घेतात. काकू पुढच्या महिन्यात परत जाताहेत. पुण्यात असा क्लास कुठे मिळेल ते शोधून दे म्हणाल्यात, आणि तिथे गेल्यावर निदान पाठीचं गाणं हेच लावतील ना, असंही विचारून ठेवलंय.